मीटर बघणाऱ्याला घराच्या किल्ल्या कशाला?

लिनक्सच्या ‘पीएस’ कमांडला ‘ई’ आणि मोठा झेड जोडून चालवलं की चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसच्या, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या, शेजारी तिचं एसईलिनक्सचं, म्हणजे कुणी काय करायचं हे ठरवणाऱ्या सुरक्षाव्यवस्थेचं, लेबल दिसतं. २०२४च्या मार्चमध्ये नव्याने उभ्या केलेल्या रॉकी लिनक्स ९च्या सर्व्हरवर मी ती यादी वरून खाली वाचत होतो. घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीला स्वतःचं लेबल, ऑडिटला स्वतःचं, एसएसएचला स्वतःचं. आणि आमच्या मॉनिटरिंगच्या एजंटपुढे, म्हणजे मशीनच्या तब्येतीचे आकडे देणाऱ्या नोड एक्सपोर्टरपुढे, लिहिलं होतं ‘अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी’. म्हणजे मोकळा. एसईलिनक्स चालू आहे, पण या प्रोसेसला त्यातलं काहीही लागू नाही.

मी त्या ओळीवर बराच वेळ थांबलो. आमच्याकडे एकूण एक सर्व्हरवर असणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हा एजंट. डेटाबेस एका ठिकाणी असतो, वेब सर्व्हर दुसऱ्या, मेल तिसऱ्या. नोड एक्सपोर्टर मात्र सगळीकडे, शिवाय नेटवर्कवर कान देऊन बसलेला. आमच्या जुन्या मशीनांवर तर तो रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून चालत होता, कारण कुणीतरी कधीतरी सिस्टमडीच्या (सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) युनिट फाइलमध्ये युजरची ओळ लिहिलीच नव्हती.

हा सगळा खटाटोप सुरू झाला तो सेंटॉस ७ या जुन्या मशीनांवरच्या लिनक्समुळे. त्याचा आधार ३० जून २०२४ला संपणार होता, त्यामुळे सगळी मशीनं रॉकी ९वर न्यायची होती. जुन्या मशीनांवर एसईलिनक्स वर्षानुवर्षं बंदच होतं. आमच्या एका सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या इन्स्टॉलेशनच्या कागदात पहिलीच पायरी होती: एसईलिनक्स डिसेबल करा, मशीन रीबूट करा. तो कागद आम्ही निमूटपणे पाळत आलो. ९व्या आवृत्तीत मात्र कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिसेबल्ड’ लिहून ते पूर्वीसारखं बंद होत नाही, कर्नलच्या बूट ओळीतच तसं सांगावं लागतं. ती ओळ लिहायला माझा हात धजला नाही. नवी मशीनं एनफोर्सिंगमध्येच, म्हणजे नियम मोडणाऱ्याला अडवणाऱ्या अवस्थेतच, येतात, ती तशीच ठेवायची असं आम्ही ठरवलं. आणि सुरुवात मॉनिटरिंगपासून करायची, असा हट्ट माझा.

टीममध्ये यावर वाद झाला. ज्यांचं म्हणणं होतं की आधी वेब सर्व्हर बंदिस्त करू, मॉनिटरिंग तर फक्त आकडे वाचतं, त्यांचं चुकत होतं असं नाही. पण मला सारखा वीज मंडळाचा मीटर बघणारा माणूस आठवत होता. तो महिन्यातून एकदा येतो, जिन्याखालच्या पेटीतला आकडा टिपतो आणि जातो. त्याला पेटीपर्यंतची वाट हवी. स्वयंपाकघरात जायची त्याला गरज नाही, आणि कपाटाच्या किल्ल्या तर नाहीच नाही. आम्ही मात्र प्रत्येक घराच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात देऊन ठेवला होता. डिसेंबर २०२०मध्ये सोलरविंड्स या कंपनीचं प्रकरण उघड झालं, तेव्हा जगाने हेच पाहिलं. ओरायन हे तिचं नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला आणि तो अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचला. ते विंडोजवरचं होतं, तिथे एसईलिनक्सचा संबंध नव्हता. पण लक्ष ठेवणाऱ्यावर सगळ्यांचा डोळे झाकून विश्वास असतो, ही गोष्ट कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टमवर तितकीच खरी आहे.

एसईलिनक्सची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. लिनक्सच्या नेहमीच्या परवानग्या मालकाच्या मर्जीवर असतात: फाइल माझी, मी ती कुणालाही उघडी करीन, आणि रूटला तर सगळंच माफ. एसईलिनक्सच्या मँडेटरी ॲक्सेस कंट्रोलमध्ये मालकाची मर्जी चालत नाही. प्रत्येक प्रोसेसला लेबल (त्यालाच डोमेन म्हणतात), प्रत्येक फाइलला लेबल, नेटवर्कच्या पोर्टलाही लेबल, आणि कुठल्या लेबलने कुठल्या लेबलला काय करावं याचे नियम, म्हणजे पॉलिसी, कर्नलमध्ये. नियमात जे नाही ते नाही, मग तुम्ही रूट का असेना. अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने हे काम डिसेंबर २०००मध्ये खुलं केलं, २००३मध्ये ते मुख्य कर्नलमध्ये आलं. म्हणजे मी संगणकावर पहिलं बोट ठेवलं त्याच सुमाराची ही गोष्ट, आणि मी ती वापरायला घेतली इतक्या वर्षांनी.

आता एजंटला स्वतःचं लेबल आणि स्वतःचे नियम द्यायचे होते. ‘सेपॉलिसी जनरेट’ ही कमांड एजंटच्या बायनरीवर (चालवायच्या फाइलवर) चालवली की पाच फाइली मिळतात: नियमांची, फाइल-लेबलांची, इतर मॉड्यूलांसाठीच्या इंटरफेसची, एक आरपीएम पॅकेज बनवायची स्पेक फाइल आणि सगळं बांधून बसवणारी एक स्क्रिप्ट. नियमांच्या फाइलमध्ये आपल्या नव्या डोमेनपुरती ‘परमिसिव्ह’ची ओळ आधीच असते. हे मला फार मोलाचं वाटलं. अख्खं मशीन एनफोर्सिंगमध्येच राहतं, फक्त हा एक एजंट शिकाऊ अवस्थेत. तो नियम मोडतो तेव्हा नोंद होते, पण कुणी अडवत नाही. ‘परमिसिव्ह करून बघ’ म्हणजे सगळ्या मशीनला मोकळं सोडणं, अशीच माझी इतके दिवस समजूत होती.

स्क्रिप्ट चालवली, एजंट पुन्हा सुरू केला आणि उत्सुकतेने यादी पाहिली. नवं लेबल नव्हतंच. आता तिथे ‘इनिट_टी’ होतं, म्हणजे खुद्द सिस्टमडीचं लेबल. आधी मोकळा होता तो बरा, असं म्हणायची पाळी! अर्धा दिवस मी लेबलांच्या फाइलीत चूक शोधत होतो. चूक युनिट फाइलमध्ये निघाली, आणि खरं तर ती चूक नव्हतीच. युनिट आणखी सुरक्षित करायचं म्हणून मीच आदल्या आठवड्यात त्यात ‘नो न्यू प्रिव्हिलेजेस’ (प्रोसेसला नवे अधिकार मिळू न देणारी सेटिंग) चालू केलं होतं. ते चालू असलं की प्रोसेसला सुरू होताना डोमेन बदलायलाही मज्जाव होतो. त्यासाठी पॉलिसीत ‘एनएनपी_ट्रान्झिशन’ नावाची वेगळी परवानगी द्यावी लागते. ती नसेल तर प्रोसेस मरत नाही, जन्मदात्याच्याच लेबलखाली चालत राहते. ऑडिट लॉगमध्ये तशी ओळ स्पष्ट पडली होती. मी माझ्या डोमेनच्या नावाने येणाऱ्या नकारांमध्ये शोधत होतो आणि ती होती इनिटच्या नावावर. दोन चांगले बंदोबस्त एकमेकांच्या पायात आले होते. परवानगीची एक ओळ लिहिली आणि पुढच्या रीस्टार्टला आमचं लेबल उमटलं.

त्यानंतर नकारांच्या ओळी यायला लागल्या, आणि त्या वाचणं हा या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग होता, हे मी मनापासून सांगतो. आपण वर्षानुवर्षं चालवत असलेला प्रोग्राम सुरू होताना नेमकं काय काय करतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. आधी त्याने सिसच्या झाडात (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीत) जाऊन ह्यूज पेजचा, म्हणजे मेमरीच्या मोठ्या तुकड्याचा, आकार वाचला. नोड एक्सपोर्टर गो भाषेत लिहिलेला आहे आणि गोचा रनटाइम उठल्या उठल्या हे वाचतो. मग पोर्ट उघडण्याआधी जोडण्यांची रांग किती लांब ठेवायची ते कळावं म्हणून त्याने प्रॉक या तशाच दुसऱ्या डिरेक्टरीतला ‘सोमॅक्सकॉन’ वाचला. आणि मग पोर्ट ९१००वर बसायला गेला, तिथे नकाराची नोंद आली: ‘एचपीलिप_पोर्ट_टी’.

एचपी? आमच्या सर्व्हर रूममध्ये प्रिंटर औषधालाही नाही. पण ९१०० हे नेटवर्क प्रिंटरांचं जुनं, सर्वज्ञात पोर्ट आहे आणि एसईलिनक्सच्या पॉलिसीत ते एचपीच्या प्रिंटिंग सॉफ्टवेअरच्या नावे नोंदलेलं आहे. नोड एक्सपोर्टर नंतर आला आणि त्याच दारावर बसला. यावर सोपा उपाय होता: प्रिंटरच्या पोर्टांवर बसायची मुभा एजंटला द्यायची. पण त्या एका लेबलखाली ९१०० एकटं नाही, इतर कितीतरी पोर्टं आहेत. एका दारासाठी अख्ख्या मजल्याची परवानगी कशाला? आम्ही स्वतःचं पोर्ट-लेबल बनवलं. ‘सेमॅनेज पोर्ट’ने नवी नोंद करायला गेलो तर पोर्ट आधीच नोंदलेलं आहे असं सांगून ते थांबलं. तिथे नवी नोंद नाही, बदलाची नोंद करावी लागली.

मग एजंटला आठवडाभर तसाच शिकाऊ ठेवला. महिनाअखेरीचे रिपोर्ट, रविवारचा बॅकअप, पॅचिंग, सगळं त्या आठवड्यात येईल असं बघितलं. सातव्या दिवशी साठलेल्या नकारांवर ‘ऑडिटटूअलाऊ’ चालवलं. हे साधन नकारांच्या नोंदी वाचून ‘हे नियम घाला म्हणजे सगळं चालेल’ अशी तयार यादी देतं. नेटवर सापडणारे बहुतेक सल्ले इथेच संपतात: यादी घ्या, मॉड्यूल बनवा, बसवा. मी मात्र कळकळीने सांगीन की ती यादी आंधळेपणाने बसवू नका. झालेल्या प्रत्येक गोष्टीला परवानगी कशी द्यायची, एवढंच ते साधन सांगतं. ती गोष्ट व्हायला हवी होती का, हे त्याला कळत नाही. ते आपल्यालाच ठरवायचं असतं.

आमच्या यादीतल्या तीन ओळींवर मी अडलो.

पहिली: सगळ्या डोमेनच्या प्रोसेसांची माहिती प्रॉकमधून वाचण्याची परवानगी. एजंटला हे कशाला हवं? शोधल्यावर कळलं की कुणीतरी कधीतरी ‘प्रोसेसेस’ नावाचा कलेक्टर, म्हणजे आकडे गोळा करणारा एजंटचा एक भाग, चालू करून ठेवला होता. तो मुळात बंदच असतो. प्रॉकमध्ये प्रत्येक प्रोसेसचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही (सुरू होताना तिला दिलेल्या सेटिंग) असतात, आणि आमच्या काही ॲप्लिकेशनांचे डेटाबेसचे पासवर्ड त्यातच होते. जुन्या मशीनांवर एजंट रूट असल्याने त्याला ते वाचायला कुणीच हरकत घेतली नसती. तो ते वाचत नव्हता, पण त्याच्या जागी उद्या दुसरं कुणी बसलं असतं तर? आकड्यांचे आलेख दाखवणाऱ्या ग्राफानातला कुठला डॅशबोर्ड त्या कलेक्टरचे आकडे वापरतो ते तपासलं. एकही नाही. कलेक्टर बंद केला, नियमाची गरजच संपली.

दुसरी ओळ टेम्पमधल्या, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीतल्या, फाइली वाचण्याची होती, आणि हिने आम्हाला एका जुन्या दुखण्यापर्यंत नेलं. बॅकअप नीट झाला की नाही हे आमची एक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट बघते आणि निकाल एका ठरलेल्या डिरेक्टरीत ‘प्रॉम’ फाइलमध्ये लिहिते. नोड एक्सपोर्टरचा टेक्स्टफाइल कलेक्टर तिथून तो वाचतो. स्क्रिप्ट ही फाइल आधी टेम्पमध्ये तयार करायची आणि मग ‘एमव्ही’ने तिकडे हलवायची. ‘सीपी’ने नक्कल केली की नवी फाइल बनते, म्हणून तिला नव्या जागेचं लेबल मिळतं. ‘एमव्ही’ मात्र जुनं लेबल सोबत नेतं. म्हणून फाइल योग्य डिरेक्टरीत बसलेली, पण कपाळावर शिक्का टेम्पचा. एजंट ती वाचायला जाई आणि नकाराची नोंद पडे.

इथे टेम्पची परवानगी देऊन मोकळं होता आलं असतं. पण स्क्रिप्ट उघडून वाचताना माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे टेम्प ही वेगळी, मेमरीतली फाइल सिस्टम आहे. एकाच फाइल सिस्टममध्ये ‘एमव्ही’ म्हणजे नुसतं नाव बदलणं, ते एका झटक्यात होतं. दोन वेगळ्या फाइल सिस्टमांमध्ये मात्र ती खरं तर नक्कल असते: लिहायला घेतलं, लिहीत राहिलं, मग मूळची पुसली. त्या मधल्या क्षणी एजंटने फाइल उघडली तर त्याच्या हाती अर्धवट फाइल येणार. आमची ती फाइल चांगली लांबलचक होती, प्रत्येक डेटाबेसच्या प्रत्येक टेबलमागे एक ओळ, आणि ती लिहिली जायची नेमकी बॅकअपने डिस्क दमलेली असताना. गेली दोन वर्षं आठवड्यातून एखाद्या रात्री दोन-सव्वादोनला ‘बॅकअपची माहिती मिळत नाही’ असा अलर्ट यायचा आणि मिनिटाभरात आपोआप विझायचा. ड्यूटीवरच्या माणसाची झोप मोडायची. नेटवर्कला दोष देऊन झाला, एजंटांकडून आकडे गोळा करणाऱ्या प्रोमिथियसला देऊन झाला. आता तात्पुरती फाइल त्याच डिरेक्टरीत दुसऱ्या शेवटाच्या नावाने बनवायची आणि मग फक्त नाव बदलायचं, एवढा बदल केला. नव्या फाइलला डिरेक्टरीचंच लेबल मिळू लागलं, टेम्पच्या परवानगीची गरज उरली नाही, आणि रात्रीचा तो अलर्ट त्या दिवसानंतर आलेला नाही.

तिसरी ओळ ‘नोॲटसिक्युअर’. पॉलिसीत काही नकार मुद्दाम न नोंदवता गिळलेले असतात. तेही दिसावेत म्हणून मी एक दिवस ती झाकणं काढून ठेवली होती, त्यात ही सापडली. हा नकार तसाच राहू द्यायचा असतो. ही परवानगी दिली तर डोमेन बदलताना एन्व्हायर्नमेंटची जी साफसफाई होते ती होत नाही, आणि बाहेरून आलेलं ‘एलडी_प्रीलोड’, म्हणजे प्रोग्राममध्ये परका कोड भरू शकणारं व्हेरिएबल, थेट आपल्या बंदिस्त प्रोसेसमध्ये शिरू शकतं. तयार यादी जशीच्या तशी बसवली असती तर मी बंदोबस्ताच्या नावाखाली खिडकी उघडून ठेवली असती.

याउलट एका ठिकाणी वाटलं होतं त्यापेक्षा फारच कमी द्यावं लागलं. डेटाबेसची डिस्क किती भरली हे एजंटला कळायलाच हवं. मला वाटलं, आता मायएसक्यूएलच्या डिरेक्टरीत डोकवायची मुभा द्यावी लागणार. पण डिस्कवरची मोकळी जागा विचारायला फक्त त्या फाइल सिस्टमची चौकशी करण्याची परवानगी पुरते. वाटेवरच्या वरच्या डिरेक्टऱ्यांमधून जाता आलं पाहिजे, एवढंच. मायएसक्यूएलच्या फाइलींना हातही लावावा लागत नाही. पेटीची काच स्वच्छ आहे, आकडा बाहेरून दिसतो.

मग परमिसिव्हची ओळ काढली, पण लगेच सगळीकडे बसवलं नाही. आधी प्रयोगाच्या मशीनवर गो भाषेतच एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि नोड एक्सपोर्टरच्या जागी, त्याच नावाने, त्याच लेबलने ठेवला. युनिटमधून युजरची ओळ मुद्दाम काढली, म्हणजे तो रूट म्हणून चालेल. त्याला चार कामं दिली: पासवर्डांची शॅडो फाइल वाच, शेल (कमांड देण्याचा प्रोग्राम) सुरू कर, बाहेरच्या पत्त्यावर ४४३ पोर्टला जोडणी कर, क्रॉनच्या डिरेक्टरीत फाइल लिही. एजंट बिघडला किंवा बदलला गेला तर हल्लेखोर पहिल्या पाच मिनिटांत जे करेल, तेच.

चारही कामांना नकार. प्रोग्रामनेच छापलेल्या ओळी समोर होत्या: युजर आयडी शून्य, आणि त्याखाली चार वेळा ‘परमिशन डिनाइड’. इतकी वर्षं रूट म्हणजे शेवटचा शब्द असं मानत आलो, त्या रूटला मी पहिल्यांदाच दारात अडलेलं पाहिलं. शॅडोचा नकार तर नीट बघण्यासारखा होता. रेड हॅटच्या घराण्यात त्या फाइलवर कुणालाच कुठलीच परवानगी नसते, रूटलाही ती वाचायला ‘डॅक_रीड_सर्च’ किंवा ‘डॅक_ओव्हरराइड’ यांपैकी एक खास अधिकार वापरावा लागतो. त्यातला एकही आमच्या डोमेनला दिलेला नव्हता. त्यामुळे गाडं फाइलच्या लेबलपर्यंत पोचलंच नाही, आधीच थांबलं. आणि बाहेर जोडणी करायची तर या एजंटला गरजच नाही: प्रोमिथियस स्वतः येऊन आकडे नेतो, एजंटने फक्त बसून राहायचं. बंदिस्त करायला यापेक्षा सोयीची रचना नाही.

याचा अर्थ आता सगळं अभेद्य झालं, असं मी कुणालाही सांगणार नाही. कर्नलमध्येच भोक असेल तर कर्नलमधले नियम काय करणार? आणि एजंटला दिसणारे आकडे हल्लेखोरालाही दिसतीलच. पण आकडे दिसणं आणि शेल मिळणं यात फार मोठं अंतर आहे.

सगळ्या मशीनांवर पॉलिसी बसली मे महिन्याच्या अखेरीस. जूनमध्ये एक फटका खाल्ला. एजंटची नवी आवृत्ती एका मशीनवर हाताने बसवली गेली, होम डिरेक्टरीत उतरवून तिथून ‘एमव्ही’. पुन्हा तेच, लेबल घरचं. सिस्टमडी ती फाइल चालवूच शकला नाही, २०३ क्रमांकाची चूक दाखवून एजंट खाली. ‘रिस्टोअरकॉन’ने दोन सेकंदांत लेबल दुरुस्त झालं. पण तोवर वीस मिनिटं त्या मशीनचं मॉनिटरिंग आंधळं होतं. आता बायनरी फक्त अॅन्सिबल या स्वयंचलित साधनाच्या प्लेबुकमधून बसते, आणि त्यात लेबल दुरुस्तीची पायरी आहे. शिवाय प्रत्येक मशीनवरच्या नकारांची मोजणी करून तीही टेक्स्टफाइलमधून प्रोमिथियसकडे पाठवतो. एकही नवा नकार आला की अलर्ट.

तो अलर्ट पहिल्यांदा वाजला जुलैत, पहाटे चारच्या सुमारास. ड्यूटीवर आमच्यातला सर्वांत नवा मुलगा होता. पूर्वी अशा वेळी काय व्हायचं ते मला माहीत आहे, मी स्वतः केलेलं आहे: ‘सेटएनफोर्स शून्य’ करून एसईलिनक्सची अडवणूक बंद, आणि परत झोप. सव्वाचारला त्याचा फोन आला. “सर, नकार आलाय. कुणीतरी रात्री एका मशीनवर नवा कलेक्टर चालू केलेला दिसतोय. मी एनफोर्सिंग तसंच ठेवलंय, काही बंद केलेलं नाही. लॉगची ओळ तुम्हाला पाठवतो. पण मला वाटतं, याला ही परवानगी द्यायला नको.”

मी उठून लॅपटॉप उघडला. त्याचं बरोबर होतं.